तीन बाजूंनी लावलेली आग

"वासुदेव, तुझी डावी किडनी कुठे आहे?"

हे विचारलं गेलं तेव्हा मी एमआरआयच्या नळकांड्यात उताणा पडलेलो होतो. पोटावर आमच्याच कंपनीनं बनवलेली नवी कॉइल पट्ट्यांनी आवळलेली, कानांत बोळे, हातात रबरी फुगा. जीव घाबरला तर तो दाबायचा, बाहेर काढतात. मी तो कधी दाबलेला नाही. आम्ही कॉइल बनवतो, म्हणजे पेशंटच्या अंगावर घालायचं ते जाड पांघरूण, शरीरातून परत येणारी बारीकशी कुणकुण पकडणारं; आणि प्रत्येक नवं पांघरूण पहिल्यांदा कंपनीतल्याच कुणाच्या तरी अंगावर घालून बघतात. डोक्याचं झालं, गुडघ्याचं झालं, खांद्याचं झालं. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या या तळघरात तीन आठवड्यांतच माझं शरीर तुकड्यातुकड्यांनी बघून झालंय. पोटाची कॉइल मात्र पहिलीच. काचेपलीकडे शूयान बसते, चीनमधल्या शान्शीकडची बाई, माझ्याच वयाची, माणसांच्या आत बघून बघून आवाज कोरडा झालेली. ती नेहमीसारखं म्हणत होती, श्वास घे, सोड, थांब. मी थांबलो. यंत्र ठोकत राहिलं. मग ठोकणं बंद झालं, आणि 'आता घे' असं ती म्हणेचना. मी श्वास धरून पडून राहिलो. पुढचा श्वास घ्यायला दुसऱ्याची परवानगी लागते तेव्हा त्या शांततेत काय काय ऐकू येतं, ते सांगून पटणार नाही. मला माझ्या पोटात कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. त्याच्या मागोमाग तिचा प्रश्न.

"नाहीये," मी म्हणालो.

"फॉर्मवर ऑपरेशनच्या रकान्यात तू 'नाही' लिहिलंयस. आत लोखंडाची चिमटी राहिली असती तर? माझी नोकरी गेली असती आणि तू फाटला असतास."

"लोखंड नाहीये. मला माहितीये."

"तुला माहितीये," ती म्हणाली. थोड्या वेळानं, जरा वेगळ्या आवाजात, "तिथे रिकामं दिसत नाहीये, वासुदेव. आतडं सरकून येऊन बसलंय. आरामात बसलंय."

टेबल बाहेर सरकलं. मी पट्टे सोडवले आणि शर्ट खोचला. दहा वर्षं 'नाही' म्हणायची सवय लागलेला माणूस फॉर्मवर 'हो' कसा लिहील? फॉर्म भरताना हातसुद्धा थबकला नव्हता. खोटं इतकं जुनं झालं की ते खोटं बोलताना काही वाटतच नाही. पकडलं गेलं की मात्र एकदम लघवीला लागते. मी संडासात गेलो, उभा राहिलो, आणि नेहमीचाच विचार आला. या घटकेला वरच्या मजल्यावर दीनानाथदादाही मुतत असेल तर तो माझ्या किडनीनं मुततोय. ज्याला किळस वाटेल त्याला वाटो. दहा वर्षं मी हा विचार दिवसातून चार-पाच वेळा करत आलोय.

दीनानाथदादा म्हणजे आमच्या कंपनीचा मालक. तीन आठवड्यांपूर्वी झाला. खरं तर परत झाला. कंपनी त्याच्या वडिलांनी काढली, पुण्याहून शिकायला आलेला एक कडक म्हातारा. पहिली बायको वारल्यावर त्यानं इथली बाई केली. बाईला मुलगा झाला, अनय. मग घरात हळूहळू दादाचं ताट बाजूला सरकत गेलं. कुठली तरी एक निविदा बाहेर फुटली, ती दादानंच फोडली असं बाईनं म्हाताऱ्याच्या कानात घातलं, आणि म्हाताऱ्यानं एका दुपारी सख्ख्या मुलाकडून किल्ल्या काढून घेतल्या. मला भोसरीच्या वर्कशॉपातून इथे येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आयटीआय झालेला टेक्निशियन, माझा व्हिसा त्या कंपनीच्या नावावर. दादा निघाला तेव्हा पाच जण त्याच्याबरोबर निघाले. चौघे इंजिनिअर आणि मी. चौघांना कुठेही नोकरी मिळाली असती. मला परत भोसरी. तरी निघालो. का निघालो, ते आजवर कुणी विचारलं नाही. पायऱ्या उतरताना दादा मागे वळून म्हणाला होता, "वासु, तू पण?" एवढंच. त्या तीन शब्दांवर मी एकोणीस वर्षं काढली. आधी झिंडेलफिंगेन, तिथे मोटारींच्या वायरी तपासायची कंत्राटं, सहा जण दोन खोल्यांत. मग ड्युसेलडॉर्फ, परदेशी कंपन्यांच्या चकचकीत ऑफिसांच्या मागच्या बोळात आमचं एक ऑफिस. दादा सगळीकडे राजासारखाच वागला. फाटक्या सतरंजीवर बसायचा तोसुद्धा मधोमध.

ड्युसेलडॉर्फला त्याची किडनी बंद पडली. चौघांनी तपासण्या केल्या. कुणाचा रक्तगट नाही, कुणाची बायको नाही म्हणाली. माझं सगळं जुळलं. ऊर्मिला, माझी बायको, तेव्हा पाच महिन्यांची पोटुशी होती. इथे नात्यातला नसलेला माणूस किडनी देतो म्हणाला की एक कमिशन बसतं. एक डॉक्टर, एक वकील, एक मनाची तपासणी करणारी बाई. जवळीक सिद्ध करा म्हणाले, फोटो आणा. आम्ही नऊ वर्षांचे फोटो नेले. बाईनं एकेक बघितला. झिंडेलफिंगेनची दिवाळी, दादाचा वाढदिवस, दादा कढईपाशी, दादा बर्फात. मग तिनं विचारलं, "यात तुम्ही कुठे आहात?" मी म्हणालो, "फोटो मी काढतोय." तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग वकिलानं विचारलं, बदल्यात तुम्हाला काय मिळणार? मी म्हणालो, काही नाही. त्यानं ते लिहून घेतलं. त्याच्या पेनाचा कागदावरचा आवाज मला ऑपरेशनपेक्षा जास्त आठवतो. ऑपरेशननंतर दादानं माझा हात धरून सांगितलं, हे कुणाला कळता कामा नये. बँकेला कळलं, अनयच्या आईला कळलं, तर दुसऱ्याच्या अवयवावर जगणाऱ्या माणसाच्या हाती कंपनी देईल कोण? आमच्या सहा घरांबाहेर ते गेलं नाही.

आणि आता कंपनी चालवणं जमेना म्हणून अनयनं हात वर केले, म्हातारा केव्हाच गेलेला, आणि दादा परत आला. नव्या साहेबानं सगळ्यांना खायला घालायचं असतं, त्याला इथे आइनश्टांड म्हणतात. गेल्या शुक्रवारी तो झाला. ब्रेत्सेल, सॉसेज, शैलावहिनींनी, म्हणजे दादाच्या बायकोनं, केलेला ढोकळा. दादानं हातात ग्लास घेऊन चौघांची नावं वाचली. हे माझ्याबरोबर वनवासात होते, हे आजपासून कंपनीचे प्रोकुरिस्ट, म्हणजे कंपनीच्या वतीनं सही करणारे. टाळ्या. दारावर चार नवे बोर्ड. मी वाट बघत होतो. चौथ्या नावानंतर त्यानं श्वास घेतला, कागदाची घडी घातली आणि ढोकळ्याकडे वळला. त्या वेळी कॅमेरा माझ्याच हातात होता.

दुपारी जेवायला खाली उतरलो तर स्वयंपाकघरात शूयान थंड भात खात होती. फ्रीजमधून काढलेला, गोळा झालेला भात आणि उकडलेलं अंडं. मायक्रोवेव्ह रिकामा होता. मी म्हणालो, गरम करून देऊ का? ती म्हणाली, नको, आज आमच्याकडे आग लावत नाहीत. मला एकदम आईची शीतला सप्तमी आठवली. श्रावणातला तो एक दिवस, चुलीला हळदकुंकू लावून ती गार ठेवायची आणि आदल्या दिवशीचं शिळं खायचं. चुलीच्या आत देवी झोपलीय, पेटवलं तर भाजेल, असं आई सांगायची, आणि मी लहानपणी त्या थंड राखेकडे दिवसभर बघत बसायचो, आत कुणी कूस बदलतंय का. मी शूयानला विचारलं, तुमच्याकडे चुलीत कोण झोपलंय?

"चुलीत नाही. डोंगरात," ती म्हणाली. "माझ्या गावाहून दिसतो तो डोंगर."

तिची गोष्ट अशी. फार जुनी, अडीच हजार वर्षांच्याही आधीची. जिन नावाचं राज्य. राजाची नवी राणी, तिला आपल्या मुलासाठी गादी हवी. तिनं प्रसादाच्या मांसात विष कालवलं आणि आळ सावत्र मुलांवर घातला. एका राजपुत्रानं जीव दिला, दुसरा भिंतीवरून उडी मारून पळाला. मारेकऱ्याचा वार त्याच्या बाहीवर बसला. त्याच्याबरोबर थोडी माणसं निघाली. या दरबारातून त्या दरबारात. कुणी जेवू घालायचं, कुणी दारातूनच हाकलायचं. एकदा रानात इतकी उपासमार झाली की राजपुत्राला चालवेना. तेव्हा एकानं त्याला रस्सा आणून दिला. राजपुत्रानं पिऊन विचारलं, मांस कुठलं? तो माणूस लंगडत होता. मांडीचं होतं.

मी हातातला काटा खाली ठेवला. शूयान माझ्याकडे बघत नव्हती, अंडं सोलत होती. ती मुद्दाम सांगतेय का, ते मला कळेना. "किती वर्षं?" मी विचारलं.

"हद्दपारी? एकोणीस."

मी तिला आमच्या वर्षांबद्दल कधी बोललो नव्हतो. कंपनीत सगळ्यांना माहीत आहे म्हणा. तरी मी मनात परत मोजून बघितलं. ती पुढे सांगत होती. राज्यात परतायची वेळ आली, नदी ओलांडायची, तेव्हा राजपुत्र म्हणाला, या जुन्या चटया, ही फुटकी भांडी फेकून द्या, आता कशाला? एक जण काठावर बसून रडला. मी तिला म्हणालो, थांब. कारण ड्युसेलडॉर्फहून निघायच्या आदल्या दिवशी दादानं सगळं स्पेर्म्युलला, म्हणजे रस्त्यावरच्या मोठ्या कचऱ्याला, काढायला लावलं होतं. झिंडेलफिंगेनची सतरंजी, काळी पडलेली कढई, शिट्टी हरवलेला कुकर. पावसात तो ढीग माझ्याकडे बघत होता. मी रडलो नाही. कुकरचं झाकण मात्र उचलून पिशवीत टाकलं, त्याचं काय करायचं ते माहीत नसताना. शूयानला हे कुणी सांगितलं? कुणीच नाही. गोष्ट आधीपासून पडलेली होती, आम्हीच चालत चालत तिच्यात शिरलो होतो, आणि आता बाहेर यायची वाट मागून बंद होत होती.

"मग गादी मिळाली, सगळ्यांना बक्षिसं मिळाली," शूयान म्हणाली. "मांडीवाल्याला विसरला. तो मागायला गेला नाही. त्याची आई म्हणाली, निदान कळव तरी. तो म्हणाला, जे मागतात त्यांना मी चोर म्हणालो, आता मीच कसा मागू? मग दोघं डोंगरातल्या रानात गेली. राजाला कुणीतरी आठवण करून दिली. त्याला फार लागलं. माणसं पाठवली, सापडेना. तेव्हा कुणी म्हणालं, रानाला तीन बाजूंनी आग लावा, चौथी मोकळी ठेवा. आपोआप बाहेर येईल."

"आला?"

"नाही." ती डबा धुवायला उठली. "झाडाला मिठी मारलेला सापडला. आई पण. म्हणून त्या दिवशी आग लावत नाहीत."

घरी सायकलवरून येताना मी पहिल्यांदा त्या माणसावर चिडलो. राजावर चिडायला काय, राजे तसलेच असतात. पण हा? लोक त्याला साधा म्हणतात, निःस्पृह म्हणतात. खोटं. तो साधा असता तर धूर नाकात गेल्यावर खोकत बाहेर आला असता, एखादं खातं घेतलं असतं, म्हातारीला दोन वर्षं ऊन खाऊ दिलं असतं. त्याला राजाकडून काही नको नव्हतं. त्याला राजाच हवा होता, सगळा. अडीच हजार वर्षं एका देशाला गरम घास गिळू देत नाही, त्याला निःस्पृह म्हणायचं? मांडी दिली तेव्हाच त्यानं राजाच्या पोटात स्वतःला पेरलं होतं. जळाला तो नुसता वरचा पाला. हे मी सायकलवर मोठ्यानं बोलत असणार, कारण सिग्नलला एक म्हातारी माझ्याकडे बघून "जा, जा" म्हणाली, वेड्याला समजावतात तशी.

ऊर्मिला दारातच उभी. मागे कुहू, आमची मुलगी, नऊ वर्षांची, जमिनीवर पोटावर पडून वाचत होती.

"शैलावहिनींचा फोन होता," ऊर्मिला म्हणाली.

"काय म्हणतात?"

"अहो, काय म्हणणार? गोड बोलतात. त्यांच्या घराचा वरचा मजला झाडून ठेवलाय म्हणे. कुहूची पुढच्या वर्षीची शाळा त्यांच्याच गल्लीत, जागा पण ठेवलीय म्हणे. दर दिवाळीला लाडवाचा डबा येतो, डबा परत पाठवायची आठवण पण येते, आणि आता एकदम मजला! काय चाललंय?"

"मला माहीत नाही."

"चौघांची नावं दारावर लागली. तुमचं कुठे लागलंय? पार्किंगच्या पाटीवर तरी?"

"सायकलवाल्याला पाटी नसते."

"हसू नका. मी त्या दवाखान्याच्या बाकड्यावर पोट धरून बसले होते. आत तुम्हाला काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं, मला माहितीये. 'काही नाही.' मोठे दानशूर! उद्या जाऊन मागा. नाही तर मी मागते."

"मागता येत नाही, ऊर्मिला. कायद्यानं येत नाही. मागितलं की तो व्यवहार झाला."

"मग तू दिलंस कशाला?" ती चिडली की तुम्हीचं तू होतं. "माझं मूल पोटात होतं, आणि तू त्याच्यासाठी फाडून घेतलंस. मला एकदा तरी विचारलंस, तुला भीती वाटते का?"

कुहूनं पुस्तकातून मान वर केली. "वास इस्ट लोस?" काय झालं म्हणून. काही नाही, आम्ही दोघं एकदम म्हणालो. ती परत वाचायला लागली. तिला मराठी सगळी कळते, उत्तर मात्र जर्मनमधून देते. आमच्या बोलण्यातलं किती आत गेलं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नाही. कधी कधी वाटतं, तीच काचेपलीकडे बसलीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं वर बोलावलं. वडिलांचीच खोली, वडिलांचंच टेबल. उन्हात बसला होता, अंगानं भरलेला, गालांवर रंग. त्याचा उजवा हात पोटाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर होता. तिथेच असते ती, मांडीच्या वर, जवळजवळ कातडीखाली. बोलताना तो तिथे हात ठेवतो, निर्णय द्यायचा असला की जरा दाबतो. बाकीच्यांना ती ढब वाटते.

"आल्झो, तर, वासु, बस. बस ना." मी बसलो. "शुक्रवारी तुझं नाव घेतलं नाही. तुला लागलं असेल."

"नाही," मी म्हणालो. सवय.

"गेनाऊ, बरोब्बर. तू असंच म्हणणार. ऐक. यादीत तुझंच नाव पहिलं होतं. वकिलानं खोडलं. म्हणाला, ज्यानं अवयव दिला त्याला पद दिलं तर तो मोबदला दिसतो. अनयची आई अजून टपून आहे. उद्या कोर्टात गेली तर मी पण गेलो, तू पण गेलास. मी तीन रात्री झोपलो नाही, वासु. तुझी शपथ."

माझी शपथ त्यानं कुठे हात ठेवून घेतली ते मी बघितलं.

"तर मी मार्ग काढलाय. टेस्टिंगचं तळघर मेपासून बंद. ते काम बाहेर देतोय. तुझा फ्लॅट कंपनीच्या नावावर आहे, ते काँट्रॅक्ट पण संपवतोय. घाबरू नकोस! माझ्या घराचा वरचा मजला तुमचा. कुहूची शाळा शैलानं बघितलीय. तू सरळ वर ये, माझ्या शेजारच्या खोलीत. क्वालिटीचा प्रमुख, सहीचा अधिकार, दारावर पाटी. खालचं सगळं बंद केलं की कुणी विचारणार नाही की हा वर का आला. कळलं ना? खाली जागाच उरली नाही, म्हणून आला."

त्याचे डोळे भरून आले होते. खरंच आले होते. याच्यात एक कणही कावेबाजपणा नव्हता, आणि म्हणूनच मला भीती वाटली. तळघर, घर, मुलीची शाळा. मी टेबलाखाली एकेक करून तीन बोटं दुमडली. राजाला फार लागलं, असं शूयान म्हणाली होती. आग लावणारा प्रेमानंच लावतो.

"फक्त हा एक कागद," दादा म्हणाला.

कागद दीड पानांचा होता. या नेमणुकीचा पूर्वीच्या कोणत्याही खासगी वैद्यकीय बाबीशी संबंध नाही. अशा बाबीबद्दल दोन्ही पक्ष कोणत्याही तिसऱ्या व्यक्तीपाशी कधीही बोलणार नाहीत. खाली माझ्या नावाशेजारी रिकामी रेघ. मी ती रेघ बराच वेळ बघत राहिलो. चौथी बाजू अशी दिसते तर. मोकळी, झाडलेली, रुंदीला एका सहीएवढी. तिच्यातून बाहेर पडायचं तर मी कधी आत नव्हतो असं लिहून द्यायचं. आणि नाही पडलो तर मी तो डोंगरातला माणूस, दादा दर वर्षी एक दिवस माझ्यासाठी उपास करणार, रडणार, आणि उरलेल्या दिवशी पोटभर जेवणार. जळालेला माणूस राजाला सोयीचाच असतो. हे सायकलवर सुचलं नव्हतं, ते त्या खुर्चीत सुचलं. माझा त्या डोंगरातल्या माणसावरचा राग आणि दादावरचा राग एकाच जागी येऊन भिडले आणि त्यांच्यामध्ये मला बसायला जेमतेम जागा उरली.

"सही नाही करणार," मी म्हणालो.

"वासु, वेडेपणा करू नकोस. तुला काय हवंय ते बोल."

एकोणीस वर्षांत त्यानं हे पहिल्यांदा विचारलं. आणि मला धक्का बसला तो याचा की माझ्याजवळ उत्तर तयार होतं. कमिशनसमोर मी खोटं बोललो होतो. मला हवं होतं. तेव्हाही हवं होतं, पायऱ्या उतरतानाही हवं होतं.

"कुहूला सांगा," मी म्हणालो.

"काय सांगू?"

"तुमच्या पोटात काय आहे आणि ते कुणाचं आहे. मी नाही सांगणार, ऊर्मिला नाही सांगणार. तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडानं, जर्मनमधून, म्हणजे तिला नीट कळेल. दुसऱ्या कुणाला सांगू नका. यात पैसा नाही, पद नाही, कुठला वकील याला मोबदला म्हणणार नाही. सांगा, मग वरच्या खोलीचं बघू. पण त्या कागदाशिवाय."

दादा हसला, मग हसायचा थांबला. "ती लहान आहे, वासु. लहान पोरं बोलतात. शाळेत बोलेल."

"बोलेल."

"दुसरं काहीही माग."

त्याचा हात पोटावर दाबलेला होता. बोटं पांढरी पडली होती. मला त्याच क्षणी कमरेत कळ आली, डावीकडे, जिथे आता माझं असं काही नाही. आणि मला कळलं की तो घाबरलाय. बाईला नाही, बँकेला नाही. नऊ वर्षांच्या पोरीपुढे बसून एक वाक्य बोलायला राजा घाबरलाय. मी उठलो. कागद तिथेच राहिला. दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून तो अगदी हळू म्हणाला, "रविवारी येतो."

ऊर्मिलाला सांगितलं तर ती गॅससमोर नुसती उभी राहिली. "एवढंच मागितलंत?" ती म्हणाली. मी वाट बघत होतो की आता ती ओरडेल, मजला घालवला म्हणून, शाळा घालवली म्हणून. तिनं पदराचं काम ओढणीकडून करून घेतलं, डोळे पुसले, आणि म्हणाली, "हे तुम्ही दहा वर्षांपूर्वी मागायला हवं होतं. त्यांच्या तोंडून मी पण ऐकलं असतं." मग रविवारच्या केकसाठी अंडी आहेत का ते बघायला लागली.

रविवारी चार वाजता दोघं आली. शैलावहिनी पिवळ्या साडीत, डोळे सुजलेले; दादा कोट घालून, जणू नोटरीकडे आलाय. कॉफी झाली. केक कापला. हवा, ट्रेन, एप्रिलमध्ये पडलेला बर्फ. बाहेर उजेड इतका स्वच्छ होता की खोलीतल्या प्रत्येक वस्तूला कड आली होती. मग दादानं कप खाली ठेवला आणि कुहूला म्हणाला, इकडे ये, तुला एक सांगायचंय. त्याची मराठी घरगुती आहे, असल्या गोष्टीला अडखळते. जर्मन मात्र सरळ, वडिलांसारखी कडक. त्यानं काही लपवलं नाही. मी आजारी होतो. मी मरणार होतो. तू तेव्हा आईच्या पोटात होतीस. तुझ्या बाबानं स्वतःच्या शरीरातला एक तुकडा मला दिला, आणि मी तो दहा वर्षं लपवून ठेवला, कारण मला लाज वाटत होती. हे वाक्य कागदात नव्हतं. माझ्या अंगातून काहीतरी सुटत गेलं. मला वाटलं आता रडू येईल, आता संपलं, आता मी साधा माणूस होईन.

कुहू ऐकत होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं विचारलं, कुठे आहे? दादानं दाखवलं. हात लावू? त्यानं मान हलवली. तिनं केकचे कण झाडले आणि तळहात त्याच्या शर्टवर ठेवला, खालच्या उजव्या कोपऱ्यात, बरोब्बर जागेवर. बराच वेळ ठेवला. खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं. "वार्म," ती म्हणाली. गरम आहे. मग मान वर करून तिनं त्याला अगदी साधेपणानं, शाळेत शंका विचारतात तसं विचारलं, "उंट वेन डू श्टिर्ब्स्ट, दीनाकाका? क्रीग्ट पापा सी दान त्सुर्युक?" म्हणजे, तू मेलास की मग ती बाबाला परत मिळणार का?

"अगं कुहू!" शैलावहिनी म्हणाल्या. दादा हसला, मोठी माणसं हसतात तसा, आणि मदतीसाठी माझ्याकडे बघितलं, की वासु, आवर हिला, काहीतरी बोल. तिचा हात अजून तिथेच होता. ती उत्तराची वाट बघत होती. मीही त्याच्याकडे बघत राहिलो, कारण मलाही ऐकायचं होतं.